परदेशी निघालेल्या कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या बॅगा भरायला गेले होते. लेक-जावई दुबईत, लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून काकू तीन महिन्यांसाठी निघालेल्या. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, बाजूला वजनकाटा आणि मधोमध स्टीलच्या डब्यात तीन किलो कांदा-लसूण मसाला. आदल्याच दिवशी डंकावर कुटून आणलेला, घरभर वास सुटलेला.

"काकू, यात खसखस आहे का हो?"

"आहे की! खसखस, तीळ, खोबरं नसलं तर मसाला म्हणायचा का त्याला?"

तो डबा आम्ही बॅगेतून बाहेर काढला. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बोंडाच्या चिकात मॉर्फिन असतं आणि त्याचा अंश बियांना चिकटून राहू शकतो. लक्ष्मीपुरीत किराणा दुकानात जी वस्तू आपण उघड्यावर विकत घेतो, तीच तिथल्या विमानतळावर सापडली तर थेट पोलीस केस होऊ शकते. सिंगापूरमध्येही खसखशीवर कडक बंधनं आहेत. पांढऱ्या रश्श्याचं तयार वाटण, घरचे लाडू, अनारसे, सगळ्यांना हेच लागू. "घरी केलेलं आहे, कोण बघतंय" हा विचार सोडा.

काकूंनी मग तीळ वाढवून बिनखसखशीचा मसाला केला. तोही डंकावर नाही, कारण डंकात आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याचा अंश राहतो. मिक्सरचं भांडं दोनदा धुऊन, पुसून घरीच वाटला. एवढी काळजी मला योग्यच वाटते.

बॅगेतल्या बाकीच्या चुका

औषधांचं तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी अमिरातीत नियंत्रित औषधांत येते. अशी औषधं आरोग्य खात्याची परवानगी घेऊनच न्यायची असतात. बाकीच्या गोळ्याही मूळ पाकिटात ठेवा, औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. स्ट्रिपा कापून एका डबीत भरायची सवय घरापुरती ठीक आहे.

तंबाखू मळणाऱ्यांनी सिंगापूरला जाताना पुडी घरी ठेवावी. चघळायचा तंबाखू, गुटखा तिथे नेणंच बेकायदा आहे. च्युइंग गमच्या आयात-विक्रीवर तिथे 1992 पासून बंदी आहे, 2004 पासून फक्त औषधी गमला सूट मिळाली. मेट्रोत खाणं-पिणंही चालत नाही, 500 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होतो. लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा देण्याआधी हे लक्षात घ्या.

ऑस्ट्रेलियाचा नियम वेगळा आणि खरं तर सोपा आहे. शेतीला बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून तो देश बिया, दूध, मांस, लाकूड या सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. आपले लोक चुकतात ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर "खाद्यपदार्थ नाहीत" असं लिहून. आहे ते सांगून टाका. तपासतील, फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर मात्र जागेवर मोठा दंड.

रस्त्यावर

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना मान आपोआप आधी उजवीकडे वळते. दुबई, जर्मनी, अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, तिथे गाडी आधी डावीकडून येते. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलियात मात्र आपल्यासारखंच. आई-वडील पहिल्यांदा जात असतील तर पहिले चार दिवस त्यांना एकटं फिरायला पाठवू नका. साठ वर्षांची मानेची सवय एका दिवसात बदलत नाही.

जर्मनीत रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला पायी ओलांडलात तर 5 युरो दंड आहे. रक्कम किरकोळ आहे, पण शेजारी लहान मूल उभं असेल तर आजूबाजूचे लोक तोंडावर बोलतात. फुटपाथला लागून सायकलींचा वेगळा पट्टा असतो, बऱ्याच ठिकाणी लाल रंगाचा. सकाळी रंकाळ्यावर ऐसपैस फिरायची सवय असलेले आपले आजोबा नेमके त्याच पट्ट्यावरून चालतात आणि मागून सायकल वेगाने येते.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून निघण्याआधीच काढा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत लागतोच. अमिरातीत रहिवासी व्हिसा लागला की हा परवाना चालत नाही, तिथलाच काढावा लागतो. जर्मनीत राहायला गेल्यावर आपला परवाना सहा महिने चालतो.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र जिवाची आहे. मागे पोलिसांची गाडी दिवे लावून आली तर आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो, उतरतो, कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो. ताराराणी चौकात हा आदर समजला जातो, तिथे तो धोका समजतात. गाडीतच बसून राहा, दोन्ही हात स्टीअरिंगवर दिसतील असे ठेवा, सांगितल्याशिवाय खिशात किंवा कप्प्यात हात घालू नका. आणि पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर मागच्यानेच नाही, समोरून येणाऱ्यानेही थांबायचं असतं. मध्ये दुभाजक असला तर बहुतेक राज्यांत समोरच्याला सूट आहे.

मुलांवर हात

हे लिहिताना मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे दुकानात हट्ट करणाऱ्या पोराला आजीने एक धपाटा दिला तर कुणी वळूनही बघत नाही. स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, जगात सगळ्यांत आधी. जर्मनीत 2000 पासून, स्कॉटलंड आणि जपानमध्ये 2020 पासून, वेल्समध्ये 2022 पासून बंदी आहे. शाळेत मूल सहज म्हणालं, "आजी मारते", की चौकशी सुरू होऊ शकते. नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना लेक-सुनेने हे निघण्याआधी शांतपणे सांगावं. तिथे गेल्यावर सांगितलं तर अपमान वाटतो, मला हे माझ्याच घरात दिसलं आहे.

शेजार आणि मदत

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि घरात ड्रिल चालवलं तर शेजारी तक्रार करतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. रिकाम्या काचेच्या बाटल्याही रविवारी कुंडीत टाकत नाहीत.

अपघात दिसला की आपला माणूस धावतो, 2019 आणि 2021 च्या महापुरात ते सगळ्यांनी पाहिलं. तरीही पोलिसांच्या कटकटीची भीती असतेच. म्हणून 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. जर्मनीत कायदा याच्याही पुढे जातो: शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निदान 112 ला फोन लावा. हाच नंबर आता आपल्याकडेही चालतो. अमेरिकेत 911.

तिकडून येणाऱ्यांसाठी

लंडनहून येणाऱ्या पुतण्याच्या खिशात ई-सिगारेट असेल तर ती तिकडेच ठेवायला सांगा, आपल्याकडे 2019 पासून बंदी आहे. घरी परदेशी नागरिक उतरणार असेल, मुलाचा जर्मन मित्र समजा, तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला 24 तासांत ऑनलाइन द्यायची असते. हा नियम हॉटेलांपुरता नाही, घरमालकालाही लागू आहे.

अडकलातच तर

वाद घालू नका आणि पैसे पुढे करू नका. सिंगापूरसारख्या ठिकाणी लाच देऊ करणं हा मूळ चुकीपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा ठरतो. भाषा कळत नसेल तर न समजलेल्या कागदावर सही करू नका, दुभाषा मागा. अटक झाली तर भारतीय दूतावासाला कळवा अशी मागणी करा. 1963 च्या व्हिएन्ना करारामुळे तो तुमचा हक्क आहे. दूतावासाचा नंबर मोबाईलमध्ये असतोच, पण अशा वेळी मोबाईल आधी काढून घेतात. तो चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, आणि एक चिठ्ठी आईच्या पर्समध्येही.