दिवा लुकलुकतोय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं नाही! डॅशकॅमच्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडवर एका टेम्पोने माझ्या गाडीचा उजवा आरसा उडवला आणि न थांबता निघून गेला. मी निवांत होतो. म्हटलं, काचेवर रस्ता टिपणारा डॅशकॅम आहे की! घरी येऊन बघतो तर शेवटची फाइल अकरा दिवसांपूर्वीची. कॅमेरा रोज सुरू होत होता, दिवा लुकलुकत होता, आतलं मेमरी कार्ड मात्र केव्हाच मेलं होतं.

तेव्हापासून कोणी ‘कोणता डॅशकॅम घेऊ’ असं विचारलं, की मी उलट विचारतो: परवा संध्याकाळी सव्वासातला तू ज्या सिग्नलला उभा होतास, तिथली क्लिप पाच मिनिटांत काढून दाखवता येईल? हे ज्या कॅमेऱ्यात जमतं तो चांगला. मेगापिक्सेलचं नंतर बघू.

खोक्यावरचा फोर-के

पहिली चूक दुकानातच होते. खोक्यावर ‘फोर-के’ छापलंय म्हणून पैसे मोजू नका, आतल्या सेन्सरचं, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचं, नाव विचारा. सोनीचा आयएमएक्स ३०७ हा २ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. फोर-केच्या एका फ्रेमला ८ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे त्या सेन्सरवरचा फोर-के हा ताणून मोठा केलेला फोटो. आयएमएक्स ३३५ पाचचा, तर आयएमएक्स ४१५ आणि ६७८ आठचे. १७० अंशांची लेन्सही ऐकायला भारी वाटते, पण जितकं जास्त दृश्य तितकी समोरच्या गाडीची नंबर प्लेट बारीक.

दुसरं म्हणजे दुपारच्या उन्हातला नमुना व्हिडिओ बघून निर्णय घेणं. उन्हात सगळेच कॅमेरे शहाणे असतात. परत करायची मुदत आहे तोवर रात्री, पावसात आणि बोगद्यातून बाहेर पडताना रेकॉर्डिंग करून बघा. एक्स्प्रेसवेवरच्या भाताण बोगद्याच्या तोंडाशी चित्र पांढरं होऊन किती वेळ तसंच राहतं, यावरून कॅमेऱ्याचं पाणी कळतं.

आणि रात्री नंबर दिसत नाही म्हणून लगेच कॅमेऱ्याला शिव्या घालू नका. अंधारात शटर १/३० सेकंद उघडं राहिलं, तर ताशी ६० किमीच्या फरकाने शेजारून जाणारी गाडी तेवढ्यात ५५ सेंमी सरकते. कारची लांबट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट ५० सेंमीची! त्यात ही प्लेट प्रकाश परतवणारी, त्यामुळे आपल्याच हेडलाइटमध्ये ती नुसती पांढरी पट्टी होते. सेटिंगमधलं एक्सपोजर (चित्राचा उजेड) शून्यावरून थोडं खाली, उणेमध्ये नेलं तर फरक पडतो. त्याहून साधा उपाय म्हणजे माइक चालू ठेवा आणि काही झालं की नंबर मोठ्याने वाचा. शेजारी बसलेल्यांना विचित्र वाटेल, वाटू द्या.

कार्ड, कार्ड आणि कार्ड

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच सापडतं असा माझा अनुभव आहे. जुन्या फोनमधलं कार्ड काढून कॅमेऱ्यात घालणं ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. फोनमधल्या कार्डावर अधूनमधून लिहिलं जातं, डॅशकॅम मात्र गाडी चालू असेपर्यंत लिहीतच राहतो. त्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच कार्ड घ्या. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, तेव्हा वापरण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते काठोकाठ भरून तपासा. ६४ जीबी म्हणून विकलेलं कार्ड ८ जीबीचं निघू शकतं.

हिशोबही करा. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी क्लिप पुसून त्या जागी नवी लिहितो. १५ एमबीपीएसने (सेकंदाला १५ मेगाबिट) रेकॉर्डिंग होत असेल तर तासाला पावणेसात जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीत साधारण नऊ तास. रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याकडे जेमतेम चार दिवसांचं मागचं राहतं. मागचाही कॅमेरा असेल तर त्याहून कमी. सोमवारचा ओरखडा शनिवारी दिसला, तर क्लिप पुसली गेलेली असते.

आता खड्डे. धक्का बसला की जी-सेन्सर ती फाइल लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. संवेदनशीलता ‘हाय’वर असेल तर आपल्याकडचा प्रत्येक गतिरोधक त्याला अपघात वाटतो. लॉक झालेल्या फाइलींनी जागा भरते आणि काही कॅमेरे ‘कार्ड फुल’ म्हणत थांबतात. सेटिंग ‘लो’वर आणा आणि महिन्यातून एकदा, हव्या त्या क्लिप काढून घेतल्यावर, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

कॅमेरा मधेच बंद-चालू होतोय? कार्ड काढून दहा मिनिटं चालवा. नीट चालला तर कार्ड दोषी. तरीही तेच, तर अडॅप्टर आणि केबल बदलून बघा. फोनचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल वापरणारे इथे हमखास सापडतात.

ऊन आणि वायर

अकोला, नागपूर, चंद्रपूरकडच्यांनी लिथियम बॅटरीचा कॅमेरा घेऊच नये. मे महिन्यात बंद गाडीत ती फुगते. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेला घ्या. तो आरशामागे, वायपर फिरतो त्या भागात लावा. काच आधी स्पिरिटने पुसा, कडेच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटवू नका. डॅशबोर्डवर गणपती असेल तर काचेत त्याचं प्रतिबिंब पडून रस्त्यावर बाप्पाच दिसतात. लेन्सवर बसवायच्या, चमक कापणाऱ्या सीपीएल फिल्टरने ते बरंच जातं, पण तो रात्री प्रकाशही खातो.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर गाडीच्या फ्यूजमधून थेट वीज घेणारं हार्डवायर किट लागतं. त्याचं कट-ऑफ (गाडीची बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा ती मर्यादा) १२ व्होल्टच्या खाली ठेवलं तर चार दिवस उभी राहिलेली गाडी पाचव्या दिवशी स्टार्ट न होण्याची शक्यता बरीच. एअरबॅगच्या फ्यूजमधून वीज घेऊ देऊ नका. काचेच्या बाजूच्या खांबातल्या एअरबॅगच्या पुढून वायर नेणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा, वायर एअरबॅगच्या मागून जायला हवी.

तारीख चुकली की

कॅमेऱ्यातलं घड्याळ बघितलंय कधी? आतला विजेचा साठा संपला की ते मूळ तारखेवर परत जातं. जीपीएस असला तरी टाइम झोन +५:३० आपणच लावायचा असतो. तारखेचा घोळ असलेल्या क्लिपवर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम हा पुराव्यांचा नवा कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार क्लिपच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा, तिच्यावरून काढलेला कोड) नोंदवायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या याच विषयावरच्या कलम ६५ब बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ज्या खटल्यात निकाल दिला, तो आपल्या जालन्याचा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मात्र मूळ उपकरण मालकाने स्वतः हजर करून साक्ष दिली तर नको, असं त्यात ठरलं.

म्हणून अपघात झाला की आधी लॉकचं बटण दाबा आणि गाडी बाजूला घेऊन कॅमेरा बंद करा. मग कार्ड काढून, मूळ फाइल संगणकावर उतरवून, ते कार्ड तसंच पाकिटात ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान होते. नंबर प्लेटचे आकडे जातात आणि हॅशही मूळ फाइलशी जुळत नाही.