टेकडीची पायवाट जपायची? आधी छत्री घ्या

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मी अकरा वर्षं रोज सकाळी जातो. त्याआधी पाटबंधारे खात्यात चाऱ्या आणि मोऱ्या बघण्यात उभी नोकरी गेली. त्यामुळे बाकीचे मोर शोधत असतात, तेव्हा माझं लक्ष पाणी कुठून गेलंय त्याकडे. "आमच्या टेकडीवर आम्ही काय करावं?" असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे.

पहिलं काम जुलैतलं. पाऊस चांगला लागला की छत्री घेऊन पायवाटेवर जा (विजा कडकडत असतील तर घरीच बसा). पाणी वाटेवर कुठे शिरतं, किती अंतर वाटेनंच धावतं आणि कुठे बाहेर पडतं, ते बघा. त्या-त्या जागी झुडपाला चिंधी बांधून ठेवा. कोरड्या दिवशी घळ दिसते, पण ती कुठून सुरू झाली ते कळत नाही.

जमीन वनखात्याची असेल तर वनरक्षकाला भेटून वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पालिकेची असेल तर उद्यान विभागाची.

कुदळ मारायची सप्टेंबरअखेर, मुरूम ओला असताना. मे महिन्यात मनगटं जातात आणि काम होत नाही. पाणी वाटेवर शिरतं तिथल्या चिंधीच्या थोडं खालच्या बाजूला वाटेवर तिरका चर खणा आणि त्यात मोठे दगड एकमेकांना चिकटवून बसवा. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत हवा, नाहीतर चार दिवसांत बुटांनी हलतो. पहिल्या वर्षी मी हे बांध वाटेला काटकोनात घातले. एवढी नोकरी करून! परतीच्या पावसात पाणी तुंबलं, कडेनं फुटलं आणि शेजारी नवीन घळ पडली. बांध तिरकाच हवा, खालचं टोक उताराच्या बाजूला उघडं, आणि तिथे पाण्याचा जोर मोडायला दोन घमेली खडी. तीव्र चढावर दहा-बारा मीटरला एक, सौम्य चढावर वीस-पंचवीसला एक, हा माझा ठोकताळा. पुढच्या पावसाळ्यात टोकाशी साचलेला गाळ काढत राहा. बांध घालणारे पुष्कळ मिळतात, गाळ काढायला मात्र कोणी येत नाही.

मधल्या वाटांचं दुखणं वेगळं. वळण टाळून माणूस सरळ खाली उतरतो, मागून दहाजण उतरतात आणि पाणी तीच वाट धरतं. पाटी लावून उपयोग होत नाही. दोन्ही तोंडांना वाळक्या काटेरी फांद्या आडव्या टाका, मध्ये दगड पसरा. दोन पावसाळ्यांत गवत येतं. आमच्याकडे एका ठिकाणी सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. त्यांची उंची पावलाला बसेना, म्हणून लोक शेजारून चढू लागले. आता पायऱ्याही आहेत आणि शेजारी घळही.

झाडं लावू का, हा प्रश्न येतोच. पाच जूनला फोटोसाठी खड्डे खणणाऱ्यांवर माझा राग आहे. उघडं गवताळ माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे, चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो. पूर्वी लावलेल्या उंदीरमारीनं (ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आणलेलं झाड) केवढी जागा खाल्ली आहे ते टेकडीवर येऊन बघा. लावायचंच असेल तर जिथे आधी झाडं होती तिथे सालई, मोई, पांगारा लावा आणि दोन उन्हाळे पाणी घालायची तयारी ठेवा.

वणवा अडवायला गवताचं बी पडून गेल्यावर, डिसेंबरात, परवानगीनं जाळपट्टा काढा: तीनेक मीटर रुंद, गवत कापून आणि झाडून घेतलेला. धूर दिसला तर आधी १०१ आणि वनखात्याचा १९२६ लावा. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहू नका, ती चढावर धावते.

आणि कागद. घळ बुजवता येते, पण टेकडीवरून आखलेला रस्ता कुदळीनं अडत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ साली आमच्या भागातली माणसं रस्त्यावर उतरली, त्याआधी कित्येकजण वर्षानुवर्षं नकाशे वाचत बसले होते. तुमच्या टेकडीचे गट नंबर काढा, सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघा, विकास आराखड्यात ती जागा कशासाठी आरक्षित आहे ते तपासा. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं असेल तर सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, म्हणून तुमच्यातल्या एकानं रोज जाहिराती वाचायच्या. आमच्यात हे काम एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे आहे, त्या चष्मा पुसून शब्दकोड्याच्या आधी तेच पान उघडतात. हरकत एकत्र छापील देण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहा, गट नंबर घाला, सुनावणी मागा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. माझ्या पहिल्या हरकतीची पोच मी घेतली नव्हती. सुनावणीला गेलो, तर यादीत नावच नाही.