अनारसा हसू नये म्हणून

तुपात सोडलेला अनारसा पसरत गेला आणि बघता बघता त्याचा चुरा झाला, की आपण म्हणतो अनारसा हसला. मग आच कमी-जास्त करण्याची धावपळ सुरू होते. पण बहुतेक वेळा चूक कढईत झालेलीच नसते. आठवडाभर आधी गूळ घालताना ती झालेली असते, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा गुळाला दिली आहे.

दिवाळीसाठी करायचे तर कोजागिरीच्या सुमाराला तांदूळ भिजत घाला. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचं असेल तर निदान 10 दिवस हाताशी ठेवा. जुना, जाडा तांदूळ अर्धा किलो घ्या. नवा तांदूळ चिकट होतो, तो नकोच. तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. किंचित आंबूस वास यायलाच हवा. चौथ्या दिवशी उपसून निथळा आणि सुती पंच्यावर सावलीत पसरा. मुठीत घेतल्यावर तळहाताला ओल लागते, पण मूठ उघडली की दाणे सुटे होतात, तेव्हा लगेच दळा. पार वाळू देऊ नका. मैद्याच्या चाळणीने चाळा. दुकानातल्या तयार तांदळाच्या पिठाचे ‘झटपट अनारसे’ करण्यात तूप आणि वेळ दोन्ही वाया जातात, कारण त्या कोरड्या पिठाला गूळ धरून ठेवता येत नाही.

आता गूळ. वाटीला वाटी हे माप फसवं आहे. चाळलेलं पीठ वाटीत हलकं, भुसभुशीत बसतं आणि किसलेला गूळ दाबून बसतो, त्यामुळे वाटी तीच असली तरी गूळ बराच जास्त जातो. वजन करा. ओलसर पिठाच्या पाऊणपट गूळ, म्हणजे 600 ग्रॅम पीठ भरलं तर 450 ग्रॅम. साधा पिवळा गूळ बारीक किसून घ्या, चिक्कीचा गूळ नको. पिठात चमचाभर साजूक तूप आणि गूळ घालून मळा. त्याआधी मूठभर चाळलेलं पीठ वेगळं काढून घट्ट डब्यात फ्रीजरमध्ये टाका, पुढे तेच उपयोगी पडतं.

मळल्यावर पीठ कोरडं, फुटीर वाटेल. इथेच घोळ होतो: गूळ कमी पडला असं वाटून आणखी घातला जातो, किंवा दुधाचा हात लावला जातो. दोन्ही करू नका. दुसऱ्या दिवशी गूळ पाझरतो आणि तोच गोळा आपोआप मऊ होतो. पाच-सहा दिवस झाकून मुरू द्या. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पिठाचा कण न् कण गुळाच्या ओलीने भिजला तरच अनारसा तुपात एकसंध राहतो. गूळ जास्त असेल तर तो तुपात वितळतो आणि पिठाला सोबत घेऊन सुटतो. जाळीसाठी खायचा सोडा घालायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. जाळी आंबवण्यातून येते; सोड्याने अनारसा तूप पितो आणि आणखी हसतो.

थापायला बसण्याआधी सुपारीएवढा गोळा चपटा करून तळून बघा. तो हसला तर वाटीभर पिठाला एक चमचा बाजूला ठेवलेलं पीठ मिसळा, दोन-तीन तास थांबा, पुन्हा एक तळा. घाईने तीन-चार चमचे ओतलेत तर अनारसे दगडासारखे होतील. थापताना कडा फुटत असतील तर आधी पाच मिनिटं नुसतं मळा, हाताच्या उबेने गूळ सैल होतो. तरीही फुटल्या तर अर्धा चमचा दूध, त्याहून जास्त नाही.

केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर खसखस पसरून त्यावर बोटांनी पुरीएवढा थापा, फार पातळ नको. दुबई किंवा सिंगापूरला असाल तर तिथे खसखशीवर बंदी आहे. बिहारकडच्या अनारशासारखे तीळ लावा, छान लागतात.

पसरट कढईत तूप मध्यम तापवून आच मंद करा. एका वेळी एकच अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून सोडा. उलटू नका. झाऱ्याने वरून तूप उडवत राहा, जाळी डोळ्यांदेखत उघडते. बदामी होताच काढा. तूप थंड असेल तर चांगल्या पिठाचा अनारसाही पसरतो, आणि फार कडकडीत असेल तर बाहेरून काळपटतो, आत कच्चा राहतो. तळाशी पडलेला चुरा प्रत्येक वेळी काढा, नाहीतर त्यातला जळका गूळ पुढच्या अनारशाला कडवट करतो.

काढल्यावर अनारसा मऊ असतो, गार होताना खुसखुशीत होतो. म्हणून चाळणीत उभे ठेवून निथळू द्या, एकावर एक रचू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवता येतं. थापायच्या तासभर आधी बाहेर काढा.