जुन्या हॉलिवूडपटात दिसणारे चित्रपटगृह नेमके कोणते, हे कसे शोधावे

जुन्या हॉलिवूडपटात एखादे चित्रपटगृह दिसले की आपली नजर प्रथम त्याच्या मार्कीवरील, म्हणजे प्रवेशद्वारावर पुढे आलेल्या फलकावरील, नावाकडे जाते. मात्र ओळख पटवण्यासाठी त्या नावावर विसंबून राहू नये. मार्कीवरची अक्षरे चित्रीकरणासाठी सहज बदलता येतात, आणि मुळात चित्रपटगृहांची नावेही मालकाबरोबर बदलत आली आहेत. हॉलिवूड बुलेव्हार्डवरील १९२७ साली सुरू झालेले ग्रॉमन्स चायनीज १९७३ मध्ये मान्स चायनीज झाले, २००१ मध्ये पुन्हा ग्रॉमन्स झाले आणि २०१३ पासून ते टीसीएल चायनीज आहे. त्याच रस्त्यावरचे १९२६ सालचे एल कॅपिटन १९४२ पासून अनेक वर्षे पॅरामाउंटच्या नावाने चालले. म्हणून आधी चित्रीकरणाचे वर्ष ठरवावे आणि त्या वर्षी कोणत्या इमारतीवर कोणते नाव होते, ते पाहावे.

त्यानंतर चित्र थांबवून मार्कीच्या वरचा भाग निरखावा. मार्की, तिकीटखिडकी आणि प्रवेशद्वार यांची नव्या पद्धतीप्रमाणे वारंवार पुनर्रचना होत असे, परंतु वरच्या मजल्यांच्या खिडक्यांची संख्या, कमानी, कोरीव पट्टे आणि छताजवळची किनार यांना सहसा कोणी हात लावत नसे. माझ्या मते खरा पुरावा तेथेच मिळतो. शेजारच्या दुकानांच्या पाट्या, ट्रामचे रूळ आणि रस्त्याचा चढउतार यांचीही नोंद करावी.

दिसते ते खरोखर रस्त्यावर चित्रित झाले आहे का, हा पुढचा आणि सर्वांत कठीण प्रश्न आहे. स्टुडिओंच्या आवारात न्यूयॉर्कचे आख्खे रस्ते उभारलेले असत. शिवाय आधी चित्रित केलेला रस्ता पडद्यावर मागून प्रक्षेपित करून त्यापुढे नटांना उभे करण्याची पद्धत रूढ होती. पार्श्वभूमी नटांपेक्षा अधिक धूसर किंवा दाणेदार दिसत असेल, अथवा दोन्हींकडच्या प्रकाशाची दिशा जुळत नसेल, तर हीच युक्ती वापरली असण्याची शक्यता असते. मेरिलिन मन्रोच्या उडणाऱ्या पांढऱ्या पोशाखाचे दृश्य सप्टेंबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, ट्रान्स-लक्स चित्रपटगृहाजवळ रात्री चित्रित झाले खरे, पण जमलेल्या गर्दीच्या गोंगाटामुळे ते पुढे स्टुडिओत पुन्हा चित्रित करावे लागले. जगभर गाजलेली छायाचित्रे मात्र रस्त्यावरचीच आहेत. त्यामुळे प्रसिद्धीसाठी काढलेले छायाचित्र म्हणजेच चित्रपटातील दृश्य, असे कधीही गृहीत धरू नये.

संशयित इमारत सापडली की सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे उघडावेत. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यांपैकी पुष्कळसे नकाशे ऑनलाइन उपलब्ध करून दिले आहेत. त्यांत प्रत्येक इमारतीचा आकार, मजले आणि घरक्रमांक असतात. विटांचे बांधकाम गुलाबी, तर लाकडी पिवळे रंगवलेले असते. चित्रपटगृहाशेजारची गल्ली आणि कोपऱ्यापर्यंतचे अंतर दृश्याशी जुळले, तर निष्कर्षाला बळ येते. समोरच्या बाजूची इमारतही शोधण्यास मदत करते: लॉस एंजेलिसमधील १९१८ सालचे मिलियन डॉलर चित्रपटगृह ब्रॅडबरी इमारतीच्या अगदी समोर आहे; ती इमारत 'ब्लेड रनर' या १९८२ सालच्या चित्रपटात दिसत असल्यामुळे त्यात या चित्रपटगृहाची मार्की ओळखणे सोपे जाते.

आतील दृश्यांसाठी स्वतंत्र शोध घ्यावा, कारण बाहेरची इमारत एक आणि प्रेक्षागृह दुसरेच, असे पुष्कळदा घडते. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये प्रेक्षकांनी भरलेले न्यूयॉर्कचे नाट्यगृह म्हणून जे दिसते, ते लॉस एंजेलिसचे श्राइन ऑडिटोरियम आहे. उलट, 'द ब्लॉब' या १९५८ सालच्या चित्रपटात घाबरलेले प्रेक्षक ज्या दारांतून रस्त्यावर धावत येतात, ते पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल गावचे कलोनियल चित्रपटगृह आजही सुरू आहे, आणि तेथे दरवर्षी ती पळापळ हौसेने पुन्हा साकारली जाते. अशी इमारत अजून उभी असेल, तर जुने दृश्य आजच्या छायाचित्राशेजारी ठेवून तुलना करावी. पाडली गेली असेल, तर शहराच्या ग्रंथालयातील छायाचित्रसंग्रहाचा आधार घ्यावा.

शेवटी, बेव्हर्ली हिल्स येथील, ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयातील निर्मितीविषयक कागदपत्रे आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची चित्रपटसूची पडताळावी. निष्कर्ष लिहिताना बाहेरच्या आणि आतल्या दृश्यांचा पुरावा वेगवेगळा द्यावा, आणि जेथे केवळ साम्य आढळले असेल तेथे 'साम्य' असेच नोंदवावे.