रात्री मधेच जाग येते? गोळी मागायच्या आधी कारण शोधा, कसं ते सांगते

मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झोप लागते हो, पण दोन-तीनला जाग येते ती येतेच, एखादी हलकी गोळी द्या ना." अशी गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि तो नियम अगदी बरोबर आहे, पण मला काळजी वेगळीच वाटते. विचारणाऱ्याला आपल्याला जाग नेमकी कशाने येते हेच माहीत नसतं. कोणाला लघवीने येते, कोणाला ॲसिडिटीने, कोणाचा घोरताना श्वास अडकतो, कोणाची शुगर खाली जाते, आणि हवी मात्र सगळ्यांना एकच गोळी. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे डोकं टेकलं की थेट सकाळ झाली पाहिजे ही अपेक्षा सोडा. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते, रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात आणि मधे मधे आपण सगळेच क्षणभर जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, परत झोपतो, सकाळी आठवतही नाही. गाढ झोप बरीचशी रात्रीच्या पहिल्या भागातच होऊन जाते. तीनच्या पुढे झोप हलकी असते, स्वप्नं जास्त पडतात, दिवसभर साठलेला झोपेचा जोर ओसरलेला असतो आणि शरीर सकाळच्या तयारीला लागलेलं असतं, त्यामुळे बाराला जे बारीकसं काही जाणवलंही नसतं त्यानेच तीनला डोळे उघडतात. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, १ ते ३ ला जाग आली तर लिव्हर खराब, ३ ते ५ ला आली तर फुफ्फुसं, ते जुन्या चिनी वैद्यकातल्या घड्याळावरून आलंय, त्याच्या भरवशावर लिव्हरच्या टेस्ट करत बसू नका.

मग काळजी कधी करायची? जाग आल्यावर अर्धा-अर्धा तास झोप लागत नाही, असं आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री होतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड, चिडचिड, कामात लक्ष नाही. हेच तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, पण तोवर थांबायची काही गरज नाही.

आता काम काय करायचं, तर एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर लिहा. किती वाजता आडवे झालात, अंदाजे कितीदा जाग आली (रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं), जेवण किती वाजता झालं आणि काय होतं, शेवटचा चहा कधीचा, दारू घेतली का, कुठली गोळी किती वाजता घेतली, दुपारी किती झोपलात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळे उघडले त्या क्षणी पहिलं काय जाणवलं? लघवी, घशाशी आंबट, कोरडं तोंड, घाम, धडधड, पाय, खोकला, की काहीच नाही आणि लगेच विचार सुरू? बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. शेजारी झोपणाऱ्यालाही विचारा, कारण आपण झोपेत काय करतो ते त्यालाच माहीत असतं.

लघवीचं सगळ्यात जास्त ऐकते म्हणून तेच आधी घेते. इथे स्वतःला एक प्रश्न विचारायचा, लघवी लागली म्हणून जाग आली, की जाग आली म्हणून जाऊन आलो? दुसरं असेल तर कारण वेगळंच आहे, पुढे वाचा. पहिलं असेल तर एक जुनं मोजायचं भांडं बाथरूममध्ये ठेवा आणि पूर्ण एक दिवस-रात्र दरवेळी किती होते ते लिहा, ऐकायला विचित्र वाटतं पण डॉक्टरला याच्याइतकी उपयोगी माहिती दुसरी नाही. दरवेळी थोडी थोडीच होते, धार बारीक, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते, आणि वय पन्नाशीच्या पुढचं पुरुषाचं, तर प्रोस्टेट दाखवून घ्या. बाईमाणसाला थोडी थोडी आणि जळजळ असेल तर इन्फेक्शन बघायचं. पण दरवेळी भरपूर होत असेल, आणि चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच होत असेल, तर रात्री शरीर पाणीच जास्त बाहेर टाकतंय. त्याची कारणं बघा: शुगर वाढलेली (उपाशीपोटीची आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर, करून घ्या), संध्याकाळी उशिरा भरपूर पाणी किंवा चहा, किंवा पायांना सूज. दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर काढते. मोज्यांचे वळ पायावर खोल उठत असतील तर संध्याकाळी तासभर पाय उंच करून पडा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल, आणि सूज रोजचीच असेल तर डॉक्टरला पाय दाखवा. बीपीसाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी चालेल का हे डॉक्टरला विचारा, मनाने वेळ बदलू नका.

आता जे खरंच कळकळीने सांगायचंय ते घोरणं. आपल्याकडे घोरणं म्हणजे "काय गाढ झोपलाय" असं समजतात, आणि तिथेच घात होतो. जोरात घोरणारा माणूस मधेच एकदम शांत होतो, दहा-वीस सेकंद आवाज नाही, मग दचकून मोठा श्वास घेतो आणि परत घोरायला लागतो, याला स्लीप ॲप्निया म्हणतात, घशातली जागा बंद पडून श्वास थांबतो. तासाला पाच किंवा जास्त वेळा होत असेल तर आजार धरतात, तीस किंवा जास्त म्हणजे गंभीर. प्रत्येक वेळी मेंदू जागा होऊन श्वास सुरू करतो, माणसाला ते कळत नाही, त्याला एवढंच कळतं की रात्री दोनदा लघवीला उठलो, सकाळी तोंड कोरडं होतं, डोकं दुखत होतं आणि दुपारी ऑफिसात डुलक्या येतात. लघवीचा संबंध इथेही आहे बरं का, बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय आणि ते किडनीला पाणी काढायचा निरोप पाठवतं. म्हणजे प्रोस्टेटची गोळी वर्षभर घेऊनही फरक नाही, अशा माणसाचं मूळ दुखणं घशात असू शकतं.

याकडे दुर्लक्ष केलं तर बीपी आटोक्यात येत नाही, हृदयाला त्रास होतो, गाडी चालवताना डोळा लागतो. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. आणि हा फक्त जाड माणसांचा आजार नाही, बारीक माणसाला होतो, पाळी गेल्यानंतर बायकांनाही होतो, आणि बाई घोरते हे घरात कोणी बोलत नाही म्हणून तो सापडत नाही. करायचं काय तर घरच्याला सांगून झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून घ्या, तो घेऊन कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरकडे जा, ते स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी, सांगतील, ती आता घरीसुद्धा करता येते. यावर सीपॅप मशीन असतं, ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, त्याचा मास्क सुरुवातीला नको वाटतो पण सवय होते. ॲप्निया असताना झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर घसा आणखी सैल पडतो आणि श्वास जास्त वेळ थांबतो, आणि "हलकी गोळी द्या" म्हणणाऱ्याला मी आधी घोरता का विचारते ते यासाठीच.

ॲसिडिटीवाल्यांचं वेगळं. लोकलने घरी यायलाच साडेनऊ, जेवण दहाला, अकराला आडवे, पोट भरलेलं तसंच, मग एक-दोनला छातीत जळजळ, घशाशी आंबट किंवा कोरडा खोकला. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास हवेत. ते जमत नसेल तर संध्याकाळी डब्यातलं काहीतरी पोटभर खा आणि रात्री घरी थोडंच जेवा. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच वर घ्या. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

घामाने भिजून, धडधडत, हात थरथरत जाग येते आणि तुम्ही इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेता? मग त्याच वेळी ग्लुकोमीटरने शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन करा, डोस बदलावा लागेल. याला उशीर करायचा नाही.

शुगर नाही, वय चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचं, पाळी मागेपुढे होतेय आणि अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन जाग येते, तर पाळी जायच्या आधीचे ते बदल आहेत. "बाईच्या जातीला सहन करायचंच असतं" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, याला उपचार आहेत, गायनॅककडे जा, सोबत थायरॉइडही तपासा कारण थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की असाच घाम आणि धडधड होते.

पायात शिरशिरी, सारखे हलवावेसे वाटतात, उठून चाललं की बरं वाटतं, असं असेल तर फेरिटिन तपासा, म्हणजे अंगात लोह किती साठलंय ते कळेल. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन कमी असू शकतं. जेवणाला लागून चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

चहा-कॉफीचं थोडक्यात, निम्मं कॅफिन अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात, संध्याकाळी सातचा चहा बाराला अर्धा शिल्लक असतो. दारूने झोप पटकन लागते पण उत्तररात्री ती तुटते. आणि खोलीतलंही बघा, एसीचा टायमर तीनला बंद होऊन उकाड्याने जाग येतेय का, पहाटे नळाला पाणी येतं म्हणून सोसायटीची मोटर सुरू होते का, मच्छरदाणी आहे का.

वयस्कर माणसांच्या बाबतीत बरेचदा आजार नसतोच. आजोबा साडेआठला झोपतात, साडेतीनला उठतात, आणि "झोपच येत नाही" म्हणतात. सात तास झाले की! दुपारी दीड तास झोप वेगळीच. त्यांना गोळी नको, साडेदहापर्यंत जागं ठेवा, संध्याकाळी बाहेर उजेडात फिरवा, वामकुक्षी अर्ध्या तासावर आणा. या वयात झोपेच्या गोळीने रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुबा मोडतो, पुढचे हाल घरच्यांना माहीत असतात.

यातलं काहीच नाही, डोळे उघडले की सरळ विचारच सुरू होतात, ईएमआय, मुलांचं, ऑफिसचं, अशांसाठी जाग आल्यावर करायची गोष्ट. घड्याळ आणि मोबाईल बघायचा नाही, "आता चारच तास राहिले" हा हिशोब झोप उडवतो. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करा, भाजी निवडा, जुनं मासिक वाचा, पेंग आली की परत या. एकाच खोलीचं घर असेल तर खुर्चीवर बसा, अंथरूण फक्त झोपेसाठी. सकाळी उठायची वेळ रोज एकच, रात्र कितीही वाईट गेली तरी, रविवारीसुद्धा. यावर सीबीटी-आय नावाचा, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा पद्धतशीर उपचार आहे, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हाच करा असं सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञाला त्याबद्दल विचारा. पहाटे फार लवकर जाग, सोबत उदास, कशात मन नाही असं दोन आठवडे असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आधीपासून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी रोज चालू असेल तर हे वाचून आजच बंद करू नका, एकदम सोडली तर झोप आणखी बिघडते, कधी फिट्सही येतात. ती डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते.

एकच गोष्ट अशी की तिथे वही वगैरे काही नाही. झोपेत दम कोंडून जाग येते, उठून बसलं की बरं वाटतं, पायांना सूज आहे, तर हृदयाची तपासणी लगेच त्याच दिवशी. आणि छातीत दाब, हातात-जबड्यात कळ, घाम असेल तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा.

बाकीच्यांनी दोन आठवड्यांची वही, लघवीचा कागद, घोरण्याचा व्हिडिओ आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, मग पुढे कोणाला दाखवायचं ते तेच सांगतील. आयुर्वेदिक, सर्दीच्या, दुखण्याच्या गोळ्याही पिशवीत टाका, लोक त्या सांगायला विसरतात आणि कधी कधी झोप त्यांनीच मोडलेली असते.