वेबसाइटवरचे फोटो रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनप्रमाणे लहानमोठे, करताय? आधी साइजेस लिहा

मागच्या वेळी मी गॅलरीच्या प्रत्येक फोटोचे चार आकार काढले, ४०० ते १६०० पिक्सेल, सोर्ससेट (त्या सगळ्या फाइलींची ब्राउझरसाठी यादी) नीट लावला, तरी पेज रखडतंच होतं आणि मी तीन दिवस सर्व्हरच तपासत बसलो. चूक माझीच, साइजेस, म्हणजे फोटो पानावर किती रुंद दिसणार ते ब्राउझरला सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट, लिहिलंच नव्हतं.

फोटो स्क्रीनबाहेर जाऊ नये म्हणून व्ह्यूपोर्ट टॅग, मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो, हे केलेलं असेलच.

कोडला हात लावायच्या आधी कुठला फोटो कुठल्या स्क्रीनवर किती रुंद दिसणार ते कागदावर लिहून काढा, साइजेसमध्ये तेच जाणार आहे. ब्राउझर फोटो निवडतो तेव्हा बऱ्याचदा सीएसएस (मांडणीचे नियम) आलेलंच नसतं, मग तुम्ही फोटो तीन कॉलममध्ये मांडलेत हे त्याला कळणार कुठून? साइजेस नसलं की तो फोटो स्क्रीनभर धरतो, म्हणजे १००व्हीडब्ल्यू, आणि १४४० पिक्सेलच्या स्क्रीनवर ४०० च्या चौकटीत १६०० वाली फाइल आणून टाकतो. माझं नेमकं हेच झालं. म्हणून लिहा: स्क्रीन ७६८ पिक्सेलपर्यंत असेल तर १००व्हीडब्ल्यू, पुढे ४००पीएक्स. जी अट आधी जुळते तीच लागू होते त्यामुळे क्रम सांभाळा, बिनअटीचं माप शेवटी, आणि टक्के तिथे चालत नाहीत.

सोर्ससेटमध्ये फाइलची खरी रुंदी द्या, ८००डब्ल्यू अशी. फोन म्हणजे लहान फोटो असं धरू नका, ३९० रुंदीचा फोन डीपीआर (रुंदीच्या एका मापामागे किती खरे पिक्सेल) ३ असेल तर ११७० पिक्सेल मागतो. मूळ फोटोच लहान असेल तर ताणून मोठा करू नका, नुसता धूसर होतो.

विड्थ आणि हाइट एचटीएमएलमध्ये द्याच, नाहीतर फोटो येताना वाचत असलेली ओळ खाली सरकते, फार वैताग येतो. वरच्या मुख्य फोटोला लेझी लोडिंग (फोटो स्क्रीनजवळ आल्यावरच उतरवणं) नको, बाकीच्यांना लावा. पिक्चर टॅग फोनवर वेगळा क्रॉप हवा असेल किंवा एव्हिफ, वेबपी असे हलके फॉरमॅट द्यायचे असतील तरच.

साइजेस लिहिलं ना? परत बघा.

टेस्ट करताना कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइली) बंद. मोठी फाइल आधीच आलेली असेल तर क्रोम खिडकी लहान केली तरी तीच दाखवतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये फोटोचं करंटएसआरसी बघा, कुठली फाइल आली ते कळतं. एका खऱ्या फोनवरही बघा. आणि पुढे कोणी तीन कॉलमचे दोन केले तर त्याच दिवशी साइजेसही बदला.