कच्चं काम आणि डेमो पाठवताना: संशोधनासाठी नुकतेच परदेशात आलेल्यांसाठी

परदेशात येऊन सहा-आठ महिने झाले, हातात काहीतरी चालणारं आलं, की गाइड सुचवतात: लेट-ब्रेकिंगला, म्हणजे संमेलनातल्या ताज्या, कच्च्या कामाच्या विभागाला टाका, नाहीतर चालती प्रणाली टेबलावर दाखवायच्या डेमोला. वापरणारा बघून स्वतःला बदलणाऱ्या प्रणालींचं, म्हणजे शिफारशी, शिकवणारी सॉफ्टवेअर, मांडणी बदलणारे इंटरफेस यांचं मुख्य संमेलन यूमॅप. यूझर मॉडेलिंग आणि अडॅप्टिव्ह हायपरमीडिया ही दोन जुनी संमेलनं एकत्र होऊन २००९ मध्ये इटलीतल्या त्रेंतोला ते पहिल्यांदा भरलं. फक्त शिफारशींवर काम असेल तर २००७ पासूनचं रेकसिस आहे आणि इंटरफेसकडे जास्त ओढा असेल तर आययूआय. पानांची मर्यादा आणि पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरपासून लेखकाचं नाव झाकायचं की नाही हे दरवर्षी बदलतं, त्यामुळे सीनियरने दिलेल्या गेल्या वर्षीच्या फाइलवर विसंबू नका. ज्या वर्षी पाठवणार त्या वर्षीचं पेपर मागवणारं निवेदन उघडून शेवटपर्यंत वाचा.

मुख्य ट्रॅकमध्ये नाकारला गेलेला पेपर कापून लेट-ब्रेकिंगमध्ये बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. रिव्ह्यूअरच्या ते लगेच लक्षात येतं: आधीच्या कामाचा आढावा दीड पान आणि निकाल एका तक्त्यात कोंबलेले. कच्च्या कामाला मोठे निकाल कोणी मागत नाही, पण प्रश्न मात्र एकच आणि नेमका लागतो. या क्षेत्रात तो बहुतेकदा चार तुकड्यांचा असतो. प्रणालीला माणसाबद्दल काय कळतं? ते कशावरून कळतं? त्यामुळे पडद्यावर काय बदलतं? आणि बदललं नसतं तर काय दिसलं असतं? पहिल्या पानावर या चारही प्रश्नांची उत्तरं नसतील, तर आतलं मॉडेल कितीही सुबक असो, ‘यात पर्सनलायझेशन कुठे आहे?’ अशी टिप्पणी ठरलेली.

यातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात आणि नवे लोक नेमके इथेच गडबडतात. समजा, शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरने अवघड गणित दिलं आणि मुलगा कंटाळून उठला. मुलाला अपूर्णांक येतात हा अंदाज चुकला, की अंदाज बरोबर असूनही त्या क्षणी अवघड गणित देणं चुकलं? शेवटी फक्त ‘समाधान किती’ असं विचारलं तर हे कधीच कळणार नाही. अंदाजाची अचूकता वेगळी मोजा, बदलाचा परिणाम वेगळा. याला लेयर्ड इव्हॅल्युएशन म्हणतात आणि या वर्तुळातल्या रिव्ह्यूअरना ते चांगलं ठाऊक असतं. चार पानांत दोन्ही थर मावत नसतील तर एकच घ्या आणि तसं लिहा. कोणी वाईट मानत नाही.

तुलनेला बिगर-पर्सनल बेसलाइन, म्हणजे माणूस बघून न बदलणारी साधी पद्धत हवीच. शिफारशीत ती म्हणजे सगळ्यांना सर्वाधिक लोकप्रिय गोष्टी दाखवणं. बेसलाइन साधी असली तरी तिला हरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. डेटा यादृच्छिक विभागू नका, काळानुसार विभागा. नाहीतर उद्याच्या क्लिकवरून कालचा अंदाज बांधला जातो आणि आकडे फुगतात. मूव्हीलेन्स १००के हा चित्रपटांच्या रेटिंगचा डेटासेट वापरणाऱ्यांना एक खास सूचना. त्यात ९४३ माणसं, १६८२ चित्रपट आणि एक लाख रेटिंग आहेत, पण प्रत्येकाची किमान २० रेटिंग आहेत. म्हणजे ज्याच्याबद्दल प्रणालीला काहीच माहीत नाही असा खरा नवखा माणूस (‘कोल्ड स्टार्ट’ची अडचण तीच) त्यात नाहीच. त्यावर ‘कोल्ड स्टार्ट सोडवला’ असं लिहिलं की हे वीस रेटिंग तुमच्यासमोर ठेवलेच जातात. माणसांची रेटिंग लपवून नवखेपणा तयार केला असेल, तर किती आणि कोणती लपवली ते सांगा. सरासरीच्या जोडीला किती जणांचा अनुभव बेसलाइनपेक्षा बिघडला तेही द्या. पर्सनल म्हणवणाऱ्या प्रणालीत हा आकडा लपवला तर शंका येते.

माणसांवर चाचणी घेणार असाल तर संख्येचं गणित आधी करा. तेच लोक दोन्ही आवृत्त्या वापरणार असतील, तर मध्यम परिणाम (फरकाचा आकार सांगणारं माप, कोहेनचा डी, ०.५) ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण ३४ जण लागतात; डी ०.८ असेल तर १५. वेगवेगळे गट केले तर मध्यम परिणामासाठी प्रत्येक गटात ६४. बारा जणांवर ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणं निरर्थक आहे. त्यांच्याकडून काय कळलं हे मुलाखतीच्या अंगाने लिहा. निम्म्यांना आधी जुळवून घेणारी आवृत्ती द्या, निम्म्यांना आधी साधी. नाहीतर दुसऱ्या वेळचा सराव तुमच्या प्रणालीच्या खात्यावर जमा होतो.

एथिक्सची मंजुरी पहिल्या माणसाकडून डेटा घेण्याआधी लागते. नंतर मागता येत नाही. अमेरिकेत आयआरबी, इतरत्र विद्यापीठाची एथिक्स समिती. ‘फक्त लॅबमधले मित्र होते’ ही सबब चालत नाही. उत्तर यायला आठवडेही लागतात, म्हणून डेडलाइनपासून उलटं मोजत निदान दोन महिने आधी अर्ज करा. युरोपात असाल तर २५ मे २०१८ पासून वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू आहे आणि यूझर प्रोफाइल हा सरळसरळ वैयक्तिक डेटा. नावं काढली म्हणजे डेटा निनावी झाला असंही नाही. नेटफ्लिक्सने २००६ च्या स्पर्धेत नावं काढून दिलेल्या रेटिंगमधून माणसं ओळखता येतात हे २००८ मध्ये दाखवलं गेलं आणि २०१० मध्ये कंपनीला पुढची स्पर्धा मागे घ्यावी लागली.

लिखाणाचं तांत्रिक अंग थोडक्यात. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा लाटेकचा (पेपर मांडायच्या सॉफ्टवेअरचा) साचा वापरा आणि समासांना हात लावू नका; जागा वाचवण्याच्या या युक्त्या लगेच पकडल्या जातात. नाव झाकायचं असेल तर साच्यातला ‘अनॉनिमस’ पर्याय लेखकांची नावं लपवतो. आभार मात्र साच्याने दिलेल्या खास चौकटीत टाकले तरच लपतात. साध्या सेक्शनमध्ये लिहिले तर गाइडचं नाव आणि ग्रँट नंबर तसेच राहतात. कोडची लिंक, व्हिडिओच्या कोपऱ्यातलं विद्यापीठाचं चिन्ह, स्क्रीनवरचं लॉगिन नाव हेही बघा. एआय साधनाला लेखक करता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून एसीएमची सगळी प्रकाशनं वाचायला मुक्त आहेत; तुमच्या संस्थेचा करार नसेल तर प्रकाशनशुल्क लागू शकतं आणि ते करस्पाँडिंग ऑथरच्या (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाच्या) संस्थेवरून ठरतं. हे विद्यापीठाच्या लायब्ररीत आधीच विचारा.

डेडलाइनपुढे ‘एओई’ असेल तर ती पृथ्वीवर सगळ्यात उशिरा मावळणाऱ्या दिवसाची वेळ, यूटीसीच्या बारा तास मागे. रात्री ११.५९ म्हणजे यूटीसीनुसार दुसऱ्या दिवशी सकाळी ११.५९. उन्हाळी वेळेत मध्य युरोपात दुपारी १.५९, न्यूयॉर्कला सकाळी ७.५९. लेखकांची यादी आणि क्रम मात्र आदल्या आठवड्यातच गाइडकडून लेखी मंजूर करून घ्या. पेपर, नोंदणी, आमंत्रणपत्र आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव एकाच पद्धतीने असू द्या. मधलं नाव घालायचं की नाही हे पहिल्याच पेपरला ठरवा आणि त्याच नावाने ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढा.

लेट-ब्रेकिंगचा निकाल मुख्य ट्रॅकनंतर लागतो, त्यामुळे व्हिसाला हातात थोडेच आठवडे उरतात. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो. निर्णय सहसा १५ दिवसांत येतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. शेंगेन देशाचं निवासपत्र असेल तर इतर शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर बाहेर पडण्याआधी विद्यापीठाने दिलेल्या आय-२० फॉर्मवरची प्रवासाची सही तपासा आणि पासपोर्टमधला व्हिसा परतायच्या दिवशी वैध असेल का तेही बघा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर बाहेर पडलात तर परतण्यासाठी सहसा नवा काढावा लागतो. जाता येईल की नाही अशी शंका असेल तर प्रत्यक्ष जाऊ शकेल असा सहलेखक आधीच ठरवा, कारण बहुतेक ठिकाणी किमान एका लेखकाची नोंदणी आणि सादरीकरण सक्तीचं असतं.

डेमोत एक मूळचीच अडचण आहे. टेबलाशी आलेला माणूस तीन-चार मिनिटं थांबतो आणि तुमच्या प्रणालीला त्याला ओळखायला तीस क्लिक लागतात. त्याच्याकडून तीस क्लिक करून घेऊ नका. अगदी वेगळ्या सवयींची दोन-तीन प्रोफाइल भरून ठेवा, एका बटणाने बदलता येतील अशी. तोच पडदा दोघांना कसा वेगळा दिसतो हे अर्ध्या मिनिटात कळतं. बाजूला एक पट्टी ठेवा: प्रणालीला या माणसाबद्दल आत्ता काय वाटतं आणि का. मग पाहुण्याला त्यातली एक गोष्ट स्वतः बदलू द्या. गर्दी इथेच जमते. रीसेटचं बटण विसरू नका, नाहीतर पाचव्या पाहुण्याला आधीच्या चौघांची खिचडी दिसेल.

डेमोच्या कागदात हा क्रम मिनिटांसकट लिहा आणि टेबल, स्क्रीन, प्लग किती लागतील तेही. व्हिडिओत पहिल्या वीस सेकंदांत बदल घडताना दिसला पाहिजे. शीर्षकाची पाटी आणि संगीत यांत ते घालवू नका. हॉलच्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय बऱ्याचदा चालू असते, म्हणून फोन आणि लॅपटॉप जोडायचे असतील तर स्वतःचा छोटा राउटर न्या. भाषा मॉडेलला दूरच्या सर्व्हरवर विचारणारी प्रणाली असेल तर ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं लॅपटॉपवर साठवून ठेवा. वापराची मर्यादा नेमकी गर्दीच्या वेळी संपते. आणि टेबलापाशी पाहुण्यांनी केलेले क्लिक मंजुरी व संमतीशिवाय पुढच्या पेपरात वापरता येत नाहीत, तेव्हा डेमोच्या आवृत्तीत लॉगिंग बंदच ठेवा.